दहा राग, तीन यंत्रे आणि एक उशिरा मिळालेले नाव

१

१९८२ साली एच. एम. व्ही. कंपनीने एक तबकडी बाजारात आणली. ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट’ हे तिचे नाव आणि वादक चरणजित सिंग. हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत बेस गिटार, हवाईयन गिटार आणि पट्ट्यांची इलेक्ट्रॉनिक वाद्ये वाजवणारे हे मुंबईतले एक व्यावसायिक वादक. ललत, भूप, तोडी, मधुवंती, यमन, मालकंस, बैरागी असे दहा राग त्यांनी या तबकडीत वाजवले. तबल्याच्या जागी एक तालयंत्र होते, खर्जात सतत फिरत राहणारी यांत्रिक स्वरमालिका होती आणि रागाची मुख्य सुरावट एका सिंथेसायझरवर वाजवलेली होती. तिन्ही यंत्रे जपानच्या रोलंड कंपनीची : टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८. तबकडी खपली नाही. रागसंगीताच्या श्रोत्यांना ती आपली वाटण्याचे कारण नव्हते आणि डिस्कोवर नाचणाऱ्यांना त्या तालावर चित्रपटगीत हवे होते. ती विस्मरणात गेली.

वीस वर्षांनी, २००२ मध्ये, एदो बाउमन या डच संग्राहकाच्या हाती ती दिल्लीतल्या एका दुकानात लागली. २०१० मध्ये त्याने ‘बॉम्बे कनेक्शन’ या आपल्या संस्थेतर्फे ती नव्याने प्रसिद्ध केली आणि युरोप-अमेरिकेतल्या जाणकारांमध्ये खळबळ उडाली. कारण त्या तबकडीत ऐकू येणारा खर्जातला चिवट, वळवळता आवाज त्यांच्या ओळखीचा होता. तो आवाज शिकागोत १९८७ साली जन्मला, असे त्यांच्या इतिहासात लिहिलेले होते. त्या शैलीला ‘ॲसिड हाऊस’ असे नाव होते. मुंबईतल्या एका वादकाने पाच वर्षे आधी तो काढला असेल यावर काहींचा विश्वास बसेना. कोणा आधुनिक संगीतकाराने जुन्या तबकडीचा बनाव रचला असावा, अशी शंकाही बोलून दाखवली गेली. बनाव नाही हे कळल्यावर शंकेची जागा गौरवाने घेतली आणि ‘जगातले पहिले ॲसिड हाऊस’ हे बिरुद त्या तबकडीला चिकटले ते आजतागायत.

साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रकार अपरिचित वाटू नये. बोर्हेसने १९५१ साली काफ्काच्या पूर्वसूरींविषयी एक छोटा निबंध लिहिला. प्रत्येक लेखक आपले पूर्वसूरी स्वतः निर्माण करतो, असे त्याचे प्रतिपादन होते. काफ्का झाला नसता, तर ज्या जुन्या लेखनांत आज आपल्याला ‘काफ्कासारखे’ काही दिसते ती लेखने एकमेकांशी जोडलीच गेली नसती. चरणजित सिंग यांच्या बाबतीत हेच घडले, फक्त एका फरकाने. येथे पूर्वसूरी निर्माण करणारा कोणी नंतरचा कलावंत नव्हता. तो संग्राहक होता. जुनी सिंथेसायझर आणि विजेवर चालणारी पट्ट्यांची वाद्ये जमवणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या, वाजवणाऱ्या मंडळींनी गेल्या चाळीस वर्षांत एक मोठा ठेवा नाशापासून वाचवला, हे निर्विवाद आहे. मात्र वाचवताना त्यांनी तो आपल्या वंशावळीत नोंदवून टाकला. या नोंदणीत काय राहिले आणि काय सुटले, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम यंत्राविषयी. टीबी-३०३ हे यंत्र रोलंडने १९८१च्या अखेरीस विक्रीस काढले. तादाओ किकुमोतो हे त्याचे रचनाकार. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बेस गिटारची साथ मिळावी, हा त्यामागचा साधा हेतू. सोळा पायऱ्यांचा एक आकृतिबंध त्यात भरायचा आणि तो फिरत ठेवायचा. भरण्याची रीत मात्र विलक्षण होती. आधी सगळे सूर एकामागून एक द्यायचे. त्यांची लय, म्हणजे कोणता सूर कुठे पडेल आणि कुठे विराम येईल, हे नंतर वेगळे सांगायचे. जणू एखाद्याने शब्द एका कागदावर आणि त्यांचे लघुगुरू दुसऱ्या कागदावर लिहून द्यावेत आणि कविता तयार करण्याचे काम यंत्रावर सोपवावे. शिवाय जो आवाज येई तो बेस गिटारसारखा मुळीच नसे. साहजिकच वादकांनी पाठ फिरवली. सुमारे दहा हजार नग तयार झाल्यावर १९८४ मध्ये उत्पादन थांबले आणि उरलेली यंत्रे जुन्या मालाच्या दुकानांत मातीमोलाने विकली जाऊ लागली.

याच सुमारास आणखी एक मोठी उलथापालथ झाली. १९८३ साली यामाहा कंपनीने डीएक्स-७ हा सिंथेसायझर आणला. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन चौनिंग यांनी शोधलेल्या पद्धतीवर तो आधारलेला होता. आवाजाची घडण त्यात आकड्यांच्या हिशेबाने होई. तो सुरात पक्का होता, वजनाला हलका होता, घंटेसारखे आणि काचेसारखे स्वच्छ आवाज देत होता. लाखाहून अधिक नग खपले. त्यापूर्वीची वाद्ये विजेच्या दाबाच्या चढउतारांवर आवाज घडवत असत आणि त्यांचा प्रत्येक गुण एकेका फिरत्या बटणाच्या स्वाधीन असे. ती एका रात्रीत कालबाह्य ठरली. स्टुडिओंनी ती काढून टाकली. ज्यांच्याजवळ नव्यासाठी पैसे नव्हते त्यांच्यासाठी मात्र हा सुगीचा काळ होता.

शिकागोतल्या ‘फ्यूचर’ नावाच्या तीन कृष्णवर्णीय तरुणांच्या गटाला एक टीबी-३०३ असाच जुन्या बाजारात मिळाला. तो नीट कसा वापरायचा हे सांगणारे कोणी जवळ नव्हते. आकृतिबंध फिरत असताना त्यांनी बटणे पिळायला सुरुवात केली. फिल्टर उघडला-मिटला की आवाज कधी घशातून आल्यासारखा, कधी किंचाळल्यासारखा होई. हा प्रयोग ‘ॲसिड ट्रॅक्स’ या नावाने १९८७ साली ट्रॅक्स रेकॉर्ड्सने प्रसिद्ध केला. त्यापूर्वी रॉन हार्डी याने ‘म्युझिक बॉक्स’ या क्लबमध्ये तो पुन्हा पुन्हा वाजवून नाचणाऱ्यांच्या अंगवळणी पाडला होता. एका वर्षात ती लाट इंग्लंडमध्ये पोहोचली. साथीदार म्हणून नापास झालेले यंत्र नायक म्हणून पास झाले.

या कथेतली एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. यंत्र स्वस्त झाले होते म्हणूनच ते त्या तरुणांच्या हाती पडले. पुढे त्याच संगीतामुळे यंत्राची कीर्ती झाली, कीर्तीमुळे मागणी वाढली आणि मूळ किमतीच्या कैक पट दाम दिल्याशिवाय ते मिळेनासे झाले. आज एखाद्या गरीब मुलाला मूळ टीबी-३०३ मिळणे अशक्यप्राय आहे. ज्या परिस्थितीतून ते संगीत जन्मले तीच परिस्थिती त्या संगीताच्या गौरवाने संपवली.

३

जुनी वाद्ये जमवण्याची हौस १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून दृढ होत गेली. १९९३ साली मार्क व्हेल यांचे ‘व्हिंटेज सिंथेसायझर्स’ हे पुस्तक आले आणि ‘व्हिंटेज’ हे विशेषण या वाद्यांना कायमचे जडले. मुळात हा वाइनच्या धंद्यातला शब्द. द्राक्षे कोणत्या हंगामाची हे सांगणारा. जुना माल आणि मुरलेला माल यांतला फरक या एका शब्दाने केला. कालपर्यंत जी अडगळ होती तिला साल मिळाले, घराणे मिळाले आणि भाव मिळाला.

या संग्राहकांचे काम नुसत्या पैसेवाल्यांच्या हौसेचे होते असे समजणे अन्यायाचे होईल. विजेचे वाद्य हे कपाटात ठेवून टिकत नाही. त्यातले कपॅसिटर वाळतात, स्मृती राखणाऱ्या बॅटऱ्या गळून तांब्याच्या रेषा खातात, पट्ट्यांखालचा फोम विरघळून चिकट राळ होतो. ज्या खास चिपांवर आवाज अवलंबून असतो त्यांचे उत्पादन कधीच बंद झालेले असते. त्यामुळे येथे संग्राहकाला दुरुस्ती शिकावी लागते, मंडलांचे आराखडे वाचावे लागतात आणि मुख्य म्हणजे वाद्य वाजवत राहावे लागते. १९७० साली आलेला मिनिमूग घ्या. चव्वेचाळीस पट्ट्या, तीन ऑसिलेटर आणि एका वेळी एकच सूर. सुरू केल्यावर तो बराच वेळ तापू द्यावा लागतो आणि खोलीतला उष्मा बदलला की तिन्ही ऑसिलेटर थोडे थोडे सरकतात. पूर्ण जुळलेले नाहीत आणि पूर्ण सुटलेलेही नाहीत, अशा तीन आवाजांमुळे त्याच्या नादाला जाडी येते. आज ज्याला त्याचा ‘ऊबदारपणा’ म्हणतात तो त्याच्या जन्मकाळी दोष मानला जात असे. तंबोऱ्याच्या जवारीशी परिचय असलेल्या कानाला हे फार समजावून सांगावे लागू नये.

टीआर-८०८चे उदाहरण याहून बोलके आहे. रोलंडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी त्यात मुद्दाम सदोष ट्रान्झिस्टर वापरले होते. कारखान्याच्या कसोटीत नापास झालेल्या या भागांतून येणारी सळसळ त्यांना हवी होती. पुढे ट्रान्झिस्टर बनवण्याची कला सुधारली, सदोष नग मिळेनासे झाले आणि सुमारे बारा हजार नगांनंतर १९८३ मध्ये ते यंत्र बंद पडले. दोषांचा पुरवठा आटला म्हणून एखादी निर्मिती थांबावी, असे दुसरे उदाहरण शोधावे लागेल.

अशा वाद्यांच्या बाबतीत ‘मूळ’ म्हणजे काय, हा प्रश्न हस्तलिखितांच्या अभ्यासकाला पडतो तसाच पडतो. एकाच कारखान्यातले, एकाच वर्षातले दोन मिनिमूग सारखे वाजत नाहीत. त्यांच्यात पाठभेद असतात. वाळलेले कपॅसिटर बदलले की आवाज बदलतो. मग आपण मूळ आवाजाकडे परत गेलो की मूळ आवाज गमावला? पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, तेव्हा सुकथनकरांची भूमिका नेमकी होती. व्यासांची मूळ संहिता हाती लागेल असा त्यांचा दावा नव्हता. उपलब्ध पोथ्यांच्या आधारे जितके मागे जाता येईल तितके जायचे आणि गाळलेले पाठ तळटीपांत जपायचे, एवढेच ते म्हणत. वाद्यांच्या संगणकीय प्रतिकृती करणाऱ्यांनी मात्र बहुधा याच्या उलट केले. १९९७ साली ‘रीबर्थ’ या आज्ञावलीने टीबी-३०३ आणि टीआर-८०८ यांचे आवाज संगणकावर आणले. त्यानंतर असंख्य प्रतिकृती आल्या आणि पुढे खुद्द मूळ कंपन्यांनी व इतरांनी स्वस्त नव्या आवृत्त्याही काढल्या. चांगल्या स्थितीतला एखादा नग निवडायचा, त्याचे मोजमाप घ्यायचे आणि तोच प्रमाण पाठ ठरवायचा, अशी ही रीत. या प्रतिकृतींनी वाद्य पुन्हा सामान्यांच्या हाती दिले, हा त्यांचा मोठा उपकार. पाठभेदांची तळटीप मात्र त्यांत नसते.

संग्राहकांच्या इतिहासाची आणखी एक मर्यादा आहे. तो यंत्रांचा इतिहास असतो. कोणता नमुना कोणत्या साली आला, किती नग निघाले, पहिल्या खेपेतल्या मंडलात काय होते, अनुक्रमांक काय सांगतो, यांच्या काटेकोर नोंदी त्यात सापडतात. १९७८ साली आलेल्या प्रॉफेट-५ या वाद्याने चाळीस आवाज स्वतःच्या स्मृतीत साठवण्याची सोय दिली, ही त्यातली एक महत्त्वाची नोंद. पण त्याआधी वादक बटणांच्या जागा कागदावर उतरवून ठेवत असत, आणि त्या कागदांत त्या वादकाची सारी विद्या असे. यंत्रे जपली गेली तितके ते कागद जपले गेले नाहीत. जे वाद्य वस्तू म्हणून हाती येते त्याचे चरित्र लिहिले जाते. हात निघून गेलेले असतात.

४

चरणजित सिंग यांची तबकडी ज्या हातांच्या परंपरेतून आली तिच्याकडे आता वळू. ही परंपरा रोलंडच्या यंत्रांपासून सुरू होत नाही.

पट्ट्यांचे वाद्य आणि राग यांचे भांडण आपल्याकडे जुने आहे. पेटीवर मींड निघत नाही. दोन सुरांमधली जागा तिच्यात नसते आणि तिचे बारा सूर आधीच ठरलेले असतात. या कारणास्तव १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली आणि १९७०च्या दशकाच्या आरंभापर्यंत ती सैल झाली नाही. त्याआधी सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांच्या साहाय्याने बावीस श्रुतींची पेटी घडवण्याचा खटाटोप केला होता. दुसरीकडे मराठी रंगभूमीने पायपेटीला ऑर्गन म्हणून मानाचे स्थान दिले. ‘मानापमाना’च्या चाली बांधणारे गोविंदराव टेंबे स्वतः पेटीचे श्रेष्ठ वादक होते. म्हणजे बाहेरून आलेल्या, अपुऱ्या असलेल्या वाद्यातून रागाचा भास कसा निर्माण करायचा, हा प्रश्न आपल्या वादकांनी शतकभर हाताळलेला होता. सिंथेसायझर आला तेव्हा तो याच प्रश्नाचा पुढचा अध्याय म्हणून आला.

या अध्यायाचे पहिले लोकप्रिय पान १९५४ सालचे. ‘नागिन’ चित्रपटातील पुंगीचा आवाज अजूनही लोकांच्या कानात आहे. तो पुंगीचा नव्हता. हेमंतकुमारांच्या संगीत-दिग्दर्शनाखाली कल्याणजी वीरजी शाह यांनी तो क्लॅव्हिओलिनवर वाजवला होता आणि जोडीला रवि यांची पेटी होती. क्लॅव्हिओलिन हे फ्रान्समधील कॉन्स्टन्ट मार्टिन यांनी १९४७ साली सिद्ध केलेले वाद्य. व्हॉल्व्हवर चालणारे, लहान स्वरपट्टीचे, एका वेळी एकच सूर देणारे. पियानोला जोडून इतर वाद्यांचे आवाज काढावेत म्हणून युरोपात ते विकले जाई. मुंबईत त्याची गारुड्याची पुंगी झाली आणि ती इतकी पक्की झाली की पुढे खऱ्या पुंगीकडूनही लोक त्याच आवाजाची अपेक्षा करू लागले. बीटल्सनी क्लॅव्हिओलिन वापरले ते १९६७ साली. संग्राहकांच्या इतिहासात ते पान ठळक असते आणि ‘नागिन’ची नोंद असलीच तर कडेला असते.

१९७०च्या दशकात केरसी लॉर्ड यांनी मूग सिंथेसायझर हिंदी चित्रपटसंगीतात आणला. त्यांचे वडील कावस लॉर्ड आणि बंधू बर्जोर लॉर्ड हेही स्टुडिओतले नामवंत तालवादक. अशी पारशी, गोव्याची, पंजाबी, बंगाली घरे मुंबईच्या स्टुडिओंत पिढ्यान्‌पिढ्या राबत होती. परवान्यांच्या आणि जबर आयातशुल्काच्या त्या काळात परदेशी वाद्य मिळवणे हेच एक साहस असे. चरणजित सिंग यांनीही आपली रोलंड यंत्रे सिंगापूरहून आणली होती. या वादकांना वाद्याचा मोह होता, पण ते संग्राहक नव्हते. नवे वाद्य हाती असणे म्हणजे नवे काम मिळणे. जुने झालेले विकून नव्यात भर घालायची, हा व्यवसायाचा नियम. त्यामुळे ती वाद्ये या शहरात फारशी उरली नाहीत आणि तबकड्यांच्या वेष्टनांवर संगीत-दिग्दर्शकाखेरीज इतरांची नावे छापण्याची प्रथा नसल्याने वादकांची नावेही उरली नाहीत. ग्रेगरी बूथ यांनी या वादकांच्या मुलाखती घेऊन ‘बिहाइंड द कर्टन’ हे पुस्तक २००८ साली प्रसिद्ध केले नसते, तर यांपैकी कितीतरी गोष्टी आज सांगताच आल्या नसत्या.

संस्थेच्या आश्रयाला असलेल्या वाद्यांचे भाग्य याहून फार वेगळे नव्हते. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली मूग सिंथेसायझर आला. तो उभारायला अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर आले होते. संगीताभ्यासक गीता साराभाई, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांसारख्यांनी तेथे जे प्रयोग केले ते चित्रपटापासून आणि बाजारापासून सर्वस्वी दूर होते. हे प्रयोग फितींवर बंद राहिले. पॉल परगस या ब्रिटिश कलावंत-संशोधकाच्या प्रयत्नांनी त्या फितींतली निवड २०२३ साली श्रोत्यांसमोर आली. मुंबईची तबकडी काय, अहमदाबादच्या फिती काय, दोन्ही ठिकाणी दरवाजा उघडणारा बाहेरून आला. याबद्दल त्यांना दोष देण्याचे कारण नाही. आपण तो उघडला नाही, एवढे मात्र नोंदवले पाहिजे.

आणि एक कटू बाजूही नोंदवली पाहिजे. संग्राहक ज्या वाद्यांवर माया करतात त्याच वाद्यांनी अनेकांची उपजीविका नेली. १९८२ सालीच ब्रिटनमध्ये संगीतकारांच्या कामगार संघटनेच्या मध्य लंडन शाखेने सिंथेसायझरच्या वापराला बंदी असावी असा ठराव केला होता. तेव्हा तो हास्यास्पद ठरला. मुंबईत असा ठराव करण्याची वेळ आली नाही. पण १९९०च्या दशकात संगणक आणि पट्ट्यांची वाद्ये यांनी व्हायोलिनच्या रांगा, ब्रास, मटका-ढोलक हे सारे एका खोलीत आणल्यावर पन्नास-साठ वादकांचे मोठे वाद्यवृंद संपत गेले. चरणजित सिंग यांच्या तबकडीत तबलजी नाही, हा त्या काळी कल्पकतेचा भाग होता. आज ऐकताना त्या रिकाम्या जागेकडेही लक्ष जाते.

५

आता तबकडीकडे पुन्हा पाहता येईल. ती ‘पहिले ॲसिड हाऊस’ आहे का? आवाजाच्या साधर्म्यापुरते हो. यंत्र एकच असल्यावर साधर्म्य असणारच. परंतु शिकागोच्या तरुणांनी मुंबईची तबकडी ऐकल्याचे दिसत नाही आणि मुंबईच्या वादकाला शिकागोची वाट दाखवायची नव्हती. दोन माणसांनी एकाच शब्दाचा उपयोग केला म्हणून एकाने दुसऱ्याची कविता आधी लिहिली, असे होत नाही.

टीबी-३०३ मध्ये प्रत्येक सुरासाठी ‘स्लाइड’ची सोय आहे. ती दिली की एक सूर तुटून दुसरा लागत नाही. पहिला घसरत जाऊन दुसऱ्याला मिळतो. शिकागोत या घसरणीचा अर्थ नशा, भोवळ, अंगाला बसणारा हिसका असा झाला. ज्याच्या कानावर लहानपणापासून सतार आणि गळा आहेत त्याला तीच घसरण मींड म्हणून ऐकू येणे स्वाभाविक होते. पेटीने ज्या मींडेपायी तीस वर्षे बंदी सोसली ती एका स्वस्त जपानी यंत्रात, गिटारवाल्यांच्या सरावासाठी, अनायासे येऊन पडली होती. ‘पहिले ॲसिड हाऊस’ या नावाखाली ही गोष्ट दिसेनाशी होते. ती दिसण्यासाठी ‘नागिन’ आठवावा लागतो, पेटीचा वाद आठवावा लागतो. ‘कुर्बानी’ (१९८०), ‘डिस्को दीवाने’ (१९८१) आणि ‘डिस्को डान्सर’ (१९८२) यांनी भारून टाकलेला तो बाजारही आठवावा लागतो. चरणजित सिंग यांनी त्याच बाजाराच्या तालाला राग जोडून पाहिला.

अशा रीतीने ऐकले की तबकडीच्या उणिवाही प्रामाणिकपणे दिसतात. पाच-पाच मिनिटांत राग उरकला जातो; विलंबिताची उसंत नाही, बढत नाही. तोडीच्या गंधाराला जी सूक्ष्म उतरती जागा हवी ती बारा समान भागांच्या स्वरपट्टीत नाही. गवई तिला रागसंगीत म्हणणार नाही आणि त्याचे म्हणणे चूक नसेल. पण सरगमच्या तानेसारखी धावणारी सुरावट आणि खाली एका अक्षरावर अडून बसल्यासारखा खर्ज, या दोहोंतून एक अशी गोष्ट तयार होते की जी ना मैफलीत होती, ना नृत्यगृहात. ती स्टुडिओतल्या वादकाची निर्मिती होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चालींना रंग भरणाऱ्या माणसाने एकदा स्वतःच्या नावाने केलेला प्रयोग, हे तिचे खरे वर्णन. ‘पहिले’ या बिरुदापेक्षा हे वर्णन मला अधिक गौरवाचे वाटते, कारण त्यात तो माणूस आहे.

या बिरुदाने त्याला जे दिले तेही विसरता कामा नये. पुनःप्रकाशनानंतर, सत्तरी ओलांडलेल्या वयात, चरणजित सिंग यांनी युरोपात जाऊन हे राग तरुण श्रोत्यांपुढे वाजवले. जे श्रोते त्यांना १९८२ मध्ये मिळाले नाहीत ते तीस वर्षांनी मिळाले. जुलै २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले; पुढच्याच वर्षी केरसी लॉर्डही गेले. चुकीच्या नावाने का होईना, हाक वेळेवर आली. संग्राहकाने ती मारली नसती तर हा लेख लिहिण्याचे प्रयोजनच उरले नसते.

तेव्हा प्रश्न संग्राहकाला नाकारण्याचा नाही. त्याने वस्तू वाचवली आणि वाजती ठेवली. तिच्यावर त्याने लिहिलेली चिठ्ठी शेवटची मानू नये, एवढेच. ती चिठ्ठी बदलण्यासाठी लागणारे कागद अजून आहेत : ध्वनिमुद्रणांच्या नोंदवह्या, स्वरलेखनाची पाने, वादकांनी हाताने मांडलेल्या बटणांच्या खुणा, त्यांच्या घरच्यांच्या आठवणी. यांना बाजारात भाव नाही, म्हणून त्यांचा संग्राहकही नाही. पोथ्यांच्या शोधात गावोगाव हिंडण्याची परंपरा ज्या भाषेत आहे, त्या भाषेतल्या अभ्यासकांनी या कागदांकडेही पोथ्या म्हणून पाहायला हरकत नसावी. यंत्राला त्याचा अनुक्रमांक आहे. तो जपणारे जगभर आहेत. त्यावरून फिरलेल्या बोटांची नोंद करणे हे काम मात्र ती बोटे जिथली होती तिथल्याच लोकांना करावे लागेल.